पिकअप बदलण्याआधी

स्ट्रॅट पद्धतीच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या) तुमच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी नवे पिकअप, म्हणजे तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारे चुंबक-कॉइलचे भाग, घेण्याआधी सध्याच्या पिकअपची उंची स्क्रूने थोडी कमी करून पाहावी, कारण चुंबक तारांच्या फार जवळ असले की ते तारांना ओढतात, सूर डळमळतो आणि दोष मात्र पिकअपच्या माथी येतो.

त्याने भागले नाही, तर नेमके काय खटकते हे ठरवावे. आपल्याकडे ५० हर्ट्झच्या विजेमुळे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपमध्ये जी घरघर शिरते, ती घालवण्यासाठीच गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी हंबकर हा पिकअप घडवला आणि १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातील दोन कॉइलची जोडणी व चुंबकांचे ध्रुव परस्परविरुद्ध असल्याने घरघर रद्द होते आणि तारांचा आवाज मात्र एकमेकांत मिळून भरदार होतो. पण सिंगल कॉइलची स्वच्छ धार त्यात बरीचशी हरवते, आणि माझ्या मते ती धार सहजासहजी सोडू नये.

केवळ ओहमचा (विद्युत रोधाचा) आकडा मोठा म्हणून पिकअप निवडू नये, कारण कॉइलची तार नुसती बारीक असली तरी तो वाढतो.

हंबकरसाठी सहसा ५०० आणि सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहमचे पॉट (आवाज व टोनच्या बटणांखालचे बदलते रोधक) वापरतात. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सोल्डरिंगचे साहित्य मिळते. मात्र तेथे जाण्याआधी पिकगार्ड (गिटारच्या दर्शनी भागावरची पट्टी) उघडून आतली खाच हंबकरला पुरेल का, हे मोजून घ्यावे.