बॉटम सिनियॉरिटी मान्य केलीत, पण तळ कोणत्या दिवसाचा?

प्रश्न: मी मे २०१२ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत, गोंदियाच्या कॅरेज-वॅगन खात्यात टेक्निशियन ग्रेड तीन म्हणून लागलो. आई नागपुरात एकटी, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. म्हणून स्वतः अर्ज करून मध्य रेल्वेत बदली घेतली आणि २८ जून २०२१ ला नागपुरातल्याच अजनीत रुजू झालो. ‘बॉटम सिनियॉरिटी मान्य आहे’, म्हणजे ज्येष्ठता यादीत सगळ्यांच्या खालची जागा चालेल, असं तेव्हा लिहून घेतलं. सही केली नसती तर बदलीच झाली नसती. ९ सप्टेंबर २०२४ ला ज्येष्ठता यादी लागली, तिच्यात माझा नंबर ६१. नऊ वर्षांची नोकरी पाण्यात गेली. माझ्यानंतर कामावर आलेली, मीच हाताखाली धरून शिकवलेली १४ पोरंसुद्धा माझ्या वर आहेत. ३० सप्टेंबरला अर्ज दिला, उत्तर नाही. युनियनवाले म्हणतात, पीएनएममध्ये (प्रशासनाबरोबरच्या वाटाघाटींच्या बैठकीत) विषय घेतो, थांबा. जून २०२५ मध्ये स्मरणपत्र दिलं. आता ग्रेड दोनच्या बढतीसाठी ट्रेड टेस्टची नोटीस निघेल असं ऐकतो. वकीलसाहेब, मला २०१२ ची सिनियॉरिटी मिळेल का? लेबर कोर्टात जाऊ का?
— एक टेक्निशियन, अजनी

उत्तर: २०१२ ची सिनियॉरिटी मिळणार नाही. हे आधीच सांगतो, कारण तुमचं सगळं पत्र त्या नऊ वर्षांवर आहे आणि तुमची खरी केस तुम्ही एका ओळीत उरकून टाकली आहे. ती १४ पोरांची ओळ.

आधी नऊ वर्षांचं. नागपूरची गंमत अशी की एकाच गावात दोन रेल्वे नांदतात. किंग्जवेवर मध्य रेल्वेचं डीआरएम (विभागीय व्यवस्थापक) ऑफिस आहे, तसं दक्षिण पूर्व मध्यचंही आहे. मोतीबागेतला कामगार आणि अजनीतला कामगार एकाच टपरीवर चहा पितात. पण एकाचं मुख्यालय बिलासपूर, दुसऱ्याचं मुंबई. ज्येष्ठतेच्या दृष्टीने गोंदियाहून अजनीला येणं हे गुवाहाटीहून येण्यासारखंच. युनिट बदललं की यादी बदलली. रेल्वेच्या एस्टॅब्लिशमेंट मॅन्युअलचा पॅरा ३१२ सांगतो की स्वतःच्या विनंतीवरून बदली घेणाऱ्याला नव्या ठिकाणी त्या ग्रेडमध्ये आधीपासून असलेल्या सगळ्यांच्या खाली जागा मिळते, मग ते कायम असोत की तात्पुरते आणि तुमची सेवा कितीही जुनी असो. प्रशासनाने आपल्या गरजेसाठी तुम्हाला हलवलं असतं तर पॅरा ३११ लागला असता आणि २०१२ शाबूत राहिलं असतं. म्युच्युअल, म्हणजे दुसऱ्या कामगाराशी अदलाबदल केली असती तर पॅरा ३१०. तुमची आणि समोरच्याची, दोघांपैकी जी ज्येष्ठता खालची ती मिळाली असती. (म्युच्युअलसाठी माणूस शोधताना काय काय चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.) तुमच्या आदेशावर ‘विनंतीवरून’ हा शब्द आहे. तो असल्यावर सही मर्जीने केली की आईच्या आजारपणामुळे, हा मुद्दा कोर्टात टिकत नाही. सही नसती तरी नियम तोच लागला असता.

आता ती ओळ. बॉटम म्हणजे तळ, हे कबूल. पण कोणत्या दिवसाचा तळ? तुम्ही रुजू झालात त्या दिवसाचा, म्हणजे २८ जून २०२१ चा. त्या दिवशी ग्रेड तीनमध्ये जे होते ते सगळे तुमच्या वर. त्यानंतर जो आला तो तुमच्या खाली. तुम्ही कायमचे शेपटाला राहाल आणि येणारा प्रत्येक नवा माणूस तुमच्या डोक्यावरून पुढे जाईल, असं मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

तुम्ही यादीची प्रत जोडलीत ते बरं केलंत. त्या १४ जणांच्या नावापुढे ग्रेडमधली तारीख म्हणून सरसकट २ फेब्रुवारी २०२१ घातली आहे. ही मुलं थेट भरतीतून आलेली आहेत, आणि २ फेब्रुवारी हा त्यांचं ट्रेनिंग सुरू झालं तो दिवस आहे. ट्रेनिंग सहा महिन्यांचं. तुम्हीच लिहिता की ती पोळ्याच्या आसपास प्रत्यक्ष कामावर आली, म्हणजे ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर. पॅरा ३०२ प्रमाणे थेट भरतीच्या माणसाची ज्येष्ठता मोजतात ती वर्किंग पोस्टवर रुजू झाल्याच्या तारखेपासून. ट्रेनिंगमध्ये त्याला स्टायपेंड मिळतो, पद नसतं. २८ जूनला ही मुलं ग्रेड तीनमध्ये नव्हतीच, तर ‘आधीपासून असलेले’ कशी ठरतील? कार्मिक विभागात कुणीतरी चुकीच्या रकान्यातली तारीख उचलली, एवढाच मामला दिसतो. ती दुरुस्त झाली तर तुमचा नंबर ६१ वरून ४७ वर येतो.

एक फट मात्र आधीच तपासून घ्या. कामाच्या निकडीमुळे कुणाचं ट्रेनिंग मुदतीआधी संपवलं असेल, तर पूर्ण ट्रेनिंग करून तो ज्या दिवशी कामावर आला असता तीच तारीख धरतात. सहा महिने पुरे मोजले तरी ऑगस्टच येतो, म्हणजे इथेही तुमचं काही बिघडत नाही. पण समोरचा वकील हा मुद्दा काढणार, म्हणून या मुलांच्या पोस्टिंग ऑर्डर हातात हव्यात. माहिती अधिकारात मागा, फी १० रुपये. ‘अमुक अमुक यांची सेवापुस्तकं द्या’ असं लिहाल तर खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळतील. ‘ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ मध्ये अजनीत ट्रेनिंगनंतर काढलेल्या पदस्थापनेच्या आदेशांच्या प्रती’ असं मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

पण त्या उत्तरासाठी थांबू मात्र नका. मला खरी काळजी आहे ती मुदतीची.

यादीवर हरकत घ्यायला पॅरा ३२१ एक वर्ष देतो. तुम्ही २१ दिवसांत घेतलीत, उत्तम केलंत. पुढचा हिशेब १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यातल्या कलम २० आणि २१ चा आहे. निवेदनाला सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्षाच्या आत न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला पाहिजे. तुमचं निवेदन ३० सप्टेंबर २०२४ चं. सहा महिने ३० मार्च २०२५ ला संपले. म्हणजे ३० मार्च २०२६ ही शेवटची तारीख. जून २०२५ च्या स्मरणपत्राने ती एक दिवसही पुढे सरकत नाही. निवेदनांवर निवेदनं दिल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९८९ मध्येच एस. एस. राठोड प्रकरणात सांगून ठेवलं आहे. मधे खात्याचं लेखी उत्तर आलं तरी ‘नवीन मुदत मिळाली’ म्हणून निर्धास्त होऊ नका. उशीर माफ करायची सोय कायद्यात आहे, पण ज्येष्ठतेच्या बाबतीत न्यायाधिकरणं फार कडक असतात. बसलेली यादी वर्षांनंतर हलवली की वीस-तीस लोकांच्या बढत्या हलतात, ही त्यांची भूमिका आणि ती चूक आहे असं मी म्हणणार नाही.

युनियनचं म्हणाल तर पीएनएममध्ये विषय जरूर घेऊ द्या. तिथे टेबलावर बसून अर्ध्या तासात अशा चुका सुटलेल्या मी पाहिल्या आहेत. पण बैठकीत विषय पडून आहे म्हणून घड्याळ थांबत नाही, आणि ३० मार्च उलटल्यावर कुणीही पदाधिकारी त्याची जबाबदारी घेणार नाही.

लेबर कोर्टात जाऊ नका. नागपुरात केंद्र सरकारचं औद्योगिक न्यायाधिकरण आहे हे खरं, पण ज्येष्ठतेचा वाद एकट्या कामगाराला तिथे नेता येत नाही. युनियनने तो उचलायचा, मग तडजोड अधिकारी, तिथे जमलं नाही तर मग न्यायाधिकरण. तोवर ट्रेड टेस्ट होऊन निकालही लागेल. तुमचा रस्ता कॅटचा, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचा. मुंबई खंडपीठाचं फिरतं बेंच नागपुरात बसतं. अर्जाची फी ५० रुपये. वकिलाची फी वेगळी, ती आधी ठरवून घ्या. कॅटचा निकाल विरोधात गेला तर सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येतं, एल. चंद्रकुमार निकालापासून, म्हणजे १९९७ पासून, तीच वाट आहे.

ट्रेड टेस्टची नोटीस निघायच्या आत अर्ज दाखल झाला तर सगळ्यात बरं. ग्रेड दोनसाठी जागा जितक्या, साधारण तितक्याच लोकांना वरून मोजून बोलावतात. तिथे ६१ आणि ४७ मधला फरक म्हणजे बोलावणं येणं आणि न येणं. अर्जातच अंतरिम आदेश मागा: एकतर तुम्हाला तात्पुरतं बसू द्यावं, नाहीतर होणाऱ्या बढत्या अर्जाच्या निकालाच्या अधीन ठेवाव्यात. पहिली मागणी मिळेलच असं नाही, दुसरी बहुधा मिळते. घाई अशासाठी की बढती हुकल्यावर पुढे जिंकलात, तरी पॅरा २२८ प्रमाणे ज्येष्ठता आणि पगार कागदावर मागच्या तारखेने लागतात, मधल्या काळाची थकबाकी मिळत नाही. ती मिळावी म्हणून लोक भांडतात, पण त्यावर विसंबू नका.

पत्राच्या शेवटी, इथे न छापलेल्या भागात, तुम्ही लिहिलंय, ‘त्या पोरांना कोर्टात ओढायची इच्छा नाही, रोज एका डब्यातून जेवतो.’ समजतं मला. पण ज्यांची जागा खाली जाणार त्यांना प्रतिवादी केलं नाही तर नेमक्या त्याच कारणाने अर्ज फेटाळला जाईल. चौदाही जणांची नावं घाला. नोटीस जायच्या आधी एकदा डब्याच्या वेळी त्यांना स्वतःच सांगा की भांडण तारखेच्या रकान्याशी आहे. त्यांच्यातल्या आपसातल्या क्रमाला काहीच धक्का लागत नाही. तो ट्रेनिंगच्या परीक्षेतल्या गुणांवर ठरतो.

अर्जात २०१२ ची मागणी घालू नका. ‘मिळालं तर मिळालं’ म्हणून घालायचा मोह होईल. ती दिसली की रेल्वेचा वकील पहिल्या तारखेला फक्त तुमची सही दाखवेल, आणि ट्रेनिंगच्या तारखेपर्यंत कुणी पोचणारच नाही.

आणि ती नऊ वर्षं अगदीच पाण्यात गेलेली नाहीत. पेन्शनच्या, रजेच्या हिशेबात ती आहेतच. विभागीय परीक्षेला ‘ग्रेडमध्ये इतकी वर्षं सेवा’ अशी अट असते, तिथेही ती धरावी लागतात, सी. एन. पोनप्पन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठता आणि पात्रता या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. एमएसीपीलाही, म्हणजे बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी पगाराची वरची लेव्हल देणाऱ्या योजनेलाही, विनंती बदलीच्या आधीची सेवा मोजतात. तुम्हाला २०१२ पासून एकही बढती नाही, म्हणजे मे २०२२ मध्ये दहा वर्षं भरली आणि पगार लेव्हल २ वरून लेव्हल ३ ला जायला हवा होता. गेला का, हे पत्रात कुठेच नाही. या महिन्याची पे स्लिप काढून बघा. गेला नसेल तर त्याचा अर्ज वेगळ्या कागदावर, वेगळ्या तारखेला द्या आणि पोच घ्या.