व्हीएचएस कॅसेट का बंद पडल्या, आणि पुण्यातल्या घरी पडून असलेल्या लग्नाच्या कॅसेटचे आता काय करावे?

कॅसेट संपवण्याचे श्रेय बहुतेक जण डीव्हीडीला देतात. परंतु आपल्याकडे, माझ्या मते, पहिला धक्का दिला तो व्हीसीडीने, म्हणजे व्हिडिओ सीडीने. एका तबकडीवर जेमतेम 74 मिनिटे मावत असल्यामुळे चित्रपट दोन-तीन तबकड्यांत विभागावा लागे आणि चित्रही कॅसेटपेक्षा फारसे सरस नसे, तरी तबकडी स्वस्तात छापता येई आणि फीत मागे गुंडाळण्याची कटकट नव्हती. 1976 मध्ये जपानमध्ये आलेल्या व्हीएचएसचे व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारी यंत्रे, बनवणे फुनाई या शेवटच्या उत्पादक कंपनीने 2016 मध्ये थांबवले. व्हीएचएसशी स्पर्धा करणाऱ्या बीटामॅक्स पद्धतीच्या कॅसेटही सोनीने त्याच वर्षी बंद केल्या, म्हणजे हरलेली स्पर्धक जवळजवळ तितकीच टिकली!

लग्नाच्या कॅसेटचे डिजिटल रूपांतर मात्र लांबणीवर टाकू नये. फितीवरचा चुंबकीय थर काळानुसार क्षीण होतो आणि पुण्याच्या पावसाळी दमटपणात तिला बुरशीही लागते. अशी फीत न तपासता व्हीसीआरमध्ये घातल्यास बुरशी हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) चिकटते व नंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटही खराब होतात, म्हणून कॅसेटचे झाकण उचलून पांढरट डाग दिसल्यास आधी जाणकाराकडून सफाई करून घ्यावी. रूपांतरानंतरही मूळ कॅसेट कोरड्या कपाटात उभी ठेवावी.