त्याच्या ओठांवरचा कलमा

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू 25 वर्षांची, पाच वक्त नमाज पढणारी. ज्याच्याशी लग्न करायचंय तो मुसलमान नाही. तो म्हणतो, ‘निकाहपुरता कलमा पढतो, मनातून आहे तसाच राहीन.’ अब्बू तेवढ्यावर राजी झाले. अम्मी म्हणतात, लग्न झालं की येईल हळूहळू दीनवर. सगळ्यांची अडचण मिटली आणि झोप उडाली ती फक्त तुझी. ‘मीच उगाच ताणतेय का?’ असं विचारलंयस.

नाही गं, उगाच नाही. कलमा ही शहादत आहे, अल्लाह एकच आणि मुहम्मद त्याचे पैगंबर अशी साक्ष. मनात नसताना दिलेल्या साक्षीला काय म्हणतात, ते तुला सांगायला नको. जो मुलगा आजवर तुझ्याशी खोटं बोलला नाही (हे तूच लिहिलंयस), त्याचं पहिलं खोटं तुझ्यासाठी आणि तुझ्या अल्लाहसमोर बोललं जाणार, हे तुला सलतंय. सलायलाच हवं.

मैत्रिणीने तुला पैगंबरांच्या काळातल्या हजरत उम्मे सुलैम यांचा दाखला दिला. अबू तल्हांनी मागणी घातली तेव्हा ते मुसलमान नव्हते. ‘तुम्ही इस्लाम स्वीकारलात तर तोच माझा मेहर,’ म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचा ऐवज, असं त्या म्हणाल्या. दाखला खरा आहे, पण पुढचंही वाच. अबू तल्हा नावापुरते मुसलमान झाले नाहीत. उहुदच्या लढाईत पैगंबरांसमोर ढाल धरून उभे राहिले ते हेच. तुझा मित्र तर आधीच सांगतोय की त्याला तसं व्हायचं नाही. तो खरं बोलतोय आणि तुम्ही सगळे ते कानाआड करताय.

लग्नानंतर बदलेल, या आशेवर मी तुला ‘कबूल है’ म्हणायला सांगणार नाही. सूरह बकराची 256 वी आयत तुला पाठ असेल: दीनमध्ये जबरदस्ती नाही. प्रेमाची जबरदस्तीही त्यात धरावी, असं मला वाटतं. पहिल्या रमजानमध्ये तो कौतुकाने तुझ्याबरोबर सहरीला उठेल. पाचव्या? आणि बाळाच्या कानात अजान द्यायची वेळ येईल, तेव्हा ती कोण देणार?

अनेक देशांत धर्म न बदलता नोंदणी पद्धतीने लग्न करता येतं. पण तुझी अडचण कायद्याची नाही. मुसलमान बाईचं बिगरमुस्लिम पुरुषाशी झालेलं लग्न बहुतेक उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, निकाह मानत नाहीत, आणि तूही मानत नाहीस. हे मत तपासून बघायचं असेल तर जरूर बघ, एखाद्या जाणत्या आलिमापाशी बसून सावकाश बघ. तारीख ठरली म्हणून बदलू नकोस. तुझं मत तेच राहिलं आणि त्याचंही तेच, तर हे लग्न होत नाही. हे वाक्य लिहिताना माझाही हात जड झाला.

रोज इस्तिखारा, म्हणजे निर्णयासाठी अल्लाहकडे वाट मागणारी नमाज, करतेस आणि स्वप्नाची वाट बघतेस, असं लिहिलंयस. इस्तिखाऱ्याबद्दलच्या हजरत जाबिर यांच्या हदीसमध्ये दोन रकात नमाज आणि दुआ आहे, स्वप्नाचा उल्लेख नाही. तेव्हा आज नमाज झाली की त्याला भेट आणि एवढंच विचार: ‘मला बाजूला ठेव. तुझं तुला हे पटतं का?’ विचारलंस की मध्ये बोलू नकोस. कितीही वेळ लागला तरी त्याला बोलू दे.