बंदी किती, धास्ती किती

प्रिय,

"बातम्याच देता येणार नसतील तर कम्युनिटी रेडिओ काढून काय उपयोग, त्यापेक्षा यूट्यूब चॅनेल काढते" हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून आधी राग आला. तुझा नाही, तुला हे सांगणाऱ्याचा. त्याने कम्युनिटी रेडिओची, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या भागासाठी चालवलेल्या छोट्या केंद्रांची, सरकारी मार्गदर्शक तत्त्वं वाचली आहेत का, हे तू त्याला विचारलं नसशील. तूही ती वाचलेली नाहीस, हे पत्रावरून उघड दिसतं. अगं, आधी मूळ कागद वाच. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी पुढे वाच.

बंदी आहे, हे खरं. बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम कम्युनिटी रेडिओला करता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत उतरवून देता येतात. ही बंदी मला मान्य नाही. टीव्हीवर चोवीस तास बातम्या चालतात, तालुक्याच्या साप्ताहिकाला बातमी छापायला कुणाला विचारावं लागत नाही, आणि जेमतेम पाच-दहा किलोमीटर पोचणाऱ्या केंद्राने मात्र ग्रामसभेत काय झालं ते सांगायचं नाही, याला तर्क नाही. 'कॉमन कॉज' संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती याच मुद्द्यावर. पण बंदी चुकीची असणं वेगळं आणि बंदी नेमकी कशावर आहे हे माहीत नसणं वेगळं. दुसऱ्यात दोष सरकारचा नसतो.

त्याच कागदात पुढे दिलं आहे की काही गोष्टी बातमीत धरल्या जात नाहीत. वाहतूक आणि हवामान. सांस्कृतिक कार्यक्रम, सण-उत्सव. परीक्षा, निकाल, प्रवेश, करिअर. नोकरीच्या संधी. थेट प्रक्षेपण सोडून खेळांची माहिती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्थानिक प्रशासनाने दिलेली वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांबाबतची सार्वजनिक निवेदनं. आता मला सांग, दुष्काळी तालुक्यात यापलीकडे रोजची बातमी असते तरी किती?

समज, एका वाडीवर चार दिवस टँकर आलेला नाही. "टँकर बंद, प्रशासन झोपलं" असं म्हणालीस तर ती बातमी झाली, वर शेरा झाला. तसं करू नको. सकाळी पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागाला फोन लाव. मंजूर खेपा किती, आजच्या खेपा कुठल्या वाडीला आणि किती वाजता, एवढं विचार. माहिती कुणी दिली, त्याचं पद काय, फोन किती वाजता झाला, हे लॉगबुकात लिही. मग निवेदन दे: पंचायत समितीने दिलेल्या माहितीनुसार आज अमुक वाडीला दोन खेपा होणार आहेत. संध्याकाळी खेप आली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा नोंद, पुन्हा निवेदन. दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमाचा विषय पाणी ठेव. विहीर किती लांब आहे, दिवसाला किती हंडे लागतात, शाळा बुडवून पोरींना रांगेत कोण उभं करतं, हे त्या आपल्या तोंडाने सांगतील. हा तुझ्या श्रोत्यांचा अनुभव आहे, आणि निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक, लोकांच्या सहभागातून झालेला असावा ही अट त्याच धोरणाची आहे. शेवटी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी निमंत्रण पाठव आणि पत्राची पोच घे. आले तर उत्तर देतील. नाही आले तर निमंत्रण दिलं होतं, एवढंच सांग. त्यापुढे एक विशेषण नको.

यात घोटाळा होतो तो ठरलेल्या दोन जागी. निवेदिका भरात येऊन सरपंचाचं नाव घेते आणि "यांना पुढच्या वेळी बघून घ्या" म्हणते. इथे राजकीय मजकूर झाला. किंवा फोन-इनमध्ये कुणी तरी उमेदवाराचा प्रचार सुरू करतो आणि कंट्रोलवर बसलेल्या पोराला फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली ओढायचं सुचत नाही. आचारसंहितेच्या काळात फोन-इन थेट करू नको. रेकॉर्ड कर, ऐक, मग लाव. प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपणं बंधनकारक आहे. ते दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेव, फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि कार्यक्रम घाल. तक्रार आली की मंत्रालय रेकॉर्डिंग मागतं, आणि "डिस्क गेली" या उत्तराने तुझी बाजूच संपते.

यूट्यूबबद्दल. तिथे कुणी विचारत नाही, असं तुझ्या मित्राचं म्हणणं. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल बातम्या देणाऱ्यांसाठी आचारसंहिता आहे आणि तक्रारीच्या तीन पायऱ्याही आहेत. एप्रिल २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती करून सरकारी कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच कक्षाला दिला. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतर त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, तिसऱ्या न्यायमूर्तींकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली. याचिका करणाऱ्यांनी नियमाचा शब्द न् शब्द वाचला होता म्हणून हे झालं. त्याच सुमाराला टीव्ही-रेडिओबरोबर ऑनलाइन बातम्यांनाही नियमांत आणू पाहणाऱ्या प्रसारण सेवा विधेयकावरून तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केवढा गदारोळ होता! नोव्हेंबर २०२३ चा मसुदा सर्वांसाठी खुला होता. किती जणांनी उघडला? २०२४ चा सुधारित मसुदा मोजक्या लोकांनाच दिला आणि ऑगस्टमध्ये प्रती परत मागवल्या, हा वेगळाच निर्लज्जपणा. पण जो उघड्यावर पडला होता तोही आपण वाचला नाही. मूळ कागद वाच.

मी सरकारी भाषा बोलतोय असं तुला वाटेल. कार्यकर्त्यांत मला 'कलमवाले' म्हणतात ते कानावर आहे. म्हणोत. ९ फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढ. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार भांडत होते, आणि न्या. पी. बी. सावंत यांनी त्यातून लिहून ठेवलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारने स्वतंत्र, स्वायत्त प्राधिकरण उभारावं, असंही न्यायालयाने सांगितलं. ते आजतागायत झालेलं नाही. परवाना माहिती व प्रसारण मंत्रालयच देतं. तरीही तुझ्यासारखीला प्रक्षेपणाचा हक्क सरकारकडेच ठेवणाऱ्या १८८५ च्या तार कायद्याच्या मक्तेदारीतून वाट मिळाली ती त्या निकालाच्या आधाराने. हे घोषणांनी घडलं नाही, कुणी तरी तो कायदा ओळीओळीने वाचला म्हणून घडलं. मग मी कलमवाला तर कलमवाला.

आणि धोरण वाकतं, हेही लक्षात ठेव. बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हटली, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. २०१२ मध्ये कम्युनिटी रेडिओची लहरी वापरण्याची वर्षाची फी, म्हणजे स्पेक्ट्रम फी, एकदम ९१ हजारांवर नेली होती. केंद्रांनी एक दिवस प्रक्षेपण बंद ठेवलं, आकडे मांडले आणि ती वाढ मागे घ्यावी लागली.

आता कामाचं. अर्ज तुझ्या नावावर होत नाही. व्यक्ती, राजकीय पक्ष आणि त्यांच्या संलग्न संघटना, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था अपात्र आहेत. तुमच्या संस्थेची नोंदणी किमान तीन वर्षांची हवी आणि तेवढं काम दाखवता यायला हवं. महाराष्ट्रातल्या न्यासांचे अर्ज अडतात ते बहुधा चेंज रिपोर्टवर, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या नोंदीवर. विश्वस्त बदललेले असतात, बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे पडून असतो, परिशिष्ट-१ वर, म्हणजे न्यासाच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, वारलेल्या माणसाचं नाव दिसतं आणि अर्जात नवीन अध्यक्षांची सही. नावं जुळली नाहीत की चौकशीत अडकलं. ते आधी निस्तर. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित तत्त्वांनुसार परवानगीआधी मिळणाऱ्या लेटर ऑफ इंटेंटची (इरादापत्राची) मुदत एक वर्ष आहे आणि परवानगी दहा वर्षांची मिळते, पूर्वी ती पाच होती. सल्लागार व मजकूर समितीत निम्म्या बायका हव्यात. केवळ सहीपुरत्या नको, त्यांना ठरवू दे.

पैशाचा हिशेब तू अगदीच गुलाबी मांडलायस. तासाला बारा मिनिटं जाहिरात चालते, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये. म्हणजे तासाचे ७२ स्लॉट, सगळे भरले तर ५,३२८ रुपये. ते भरत नाहीत, आणि सरकारी बिलं वेळेवर येत नाहीत. गावातलं बी-बियाणांचं दुकान, दूध संकलन केंद्र, शिवणाचा क्लास यांच्यावर महिन्याचा खर्च निघतो का ते बघ. चित्रपटगीतांवर तास भरायचा विचार सोड. हक्काचे पैसे द्यावे लागतात. जात्यावरच्या ओव्या, भारुडं गावातच रेकॉर्ड कर, गाणाऱ्या बाईची लेखी संमती घे आणि तिला मानधन दे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं कम्युनिटी रेडिओ केंद्र, माणदेशी तरंग वाहिनी, २००८ पासून एफएम ९०.४ वर बोलतं आहे. तिथे दोन दिवस जाऊन बस, पण स्टुडिओपेक्षा त्यांच्या नोंदवह्या बघ.

तांत्रिक बाजू पुरवठादार सांगेल, दोनच गोष्टी तू पाहा. प्रक्षेपित शक्ती १०० वॅटपर्यंत आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत, एवढीच सर्वसाधारण मर्यादा आहे. "पूर्ण तालुका कव्हर करून देतो" म्हणणाऱ्याला दारात उभा करू नको, मध्ये डोंगर आला की संपलं. आणि पावसाआधी अँटेनाच्या केबलचे कनेक्टर नीट सील करून घे. पाणी शिरलं की परावर्तित शक्ती, म्हणजे अँटेनाकडून उलटी परत येणारी, वाढते, ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती उतरवतो, आणि लांबच्या वाडीतून "आवाज येत नाही" असे फोन सुरू होतात. मग लोक ट्रान्समीटर बदलायला निघतात.

पुढच्या पत्रात मला तुझं ध्येय वगैरे लिहू नको, ते माहीत आहे. परिशिष्ट-१ ची ताजी प्रत, विश्वस्त मंडळाच्या ठरावाचा मसुदा आणि मार्गदर्शक तत्त्वांची तू स्वतः पेनाने खुणा केलेली प्रत पाठव. खुणा नसतील तर पाकीट तसंच परत येईल.