गेटबाहेरच्या रांगेने कुणाच्या बाजूने उभं राहायचं?

प्रश्न : ताई, मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मंदी आल्यापासून बाबांच्या कारखान्यात दर महिन्याला कंत्राटी कामगार कमी होताहेत. उरलेल्यांचा ओव्हरटाइम बंद झालाय आणि पगारही उशिरा होतो. आम्ही काही मुलं-मुली त्यांच्या गेटसभेला जाणार होतो, तर बाबाच म्हणाले, ‘तुम्ही यात पडू नका, आधी शिका.’ मैत्रिणी म्हणतात, आपल्यालाच नोकरी मिळेल की नाही ठाऊक नाही, दुसऱ्यांसाठी काय भांडायचं? विद्यार्थ्यांच्या पाठिंब्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि मंदीत जास्त पडतो. तुझ्या मैत्रिणी जे कारण देताहेत, नेमक्या त्याच कारणामुळे.

तेजीत कामगाराने काम थांबवलं की मालकाची पंचाईत होते, कारण दुसरा माणूस सहज मिळत नाही. मंदीत मालकाला फार बोलावं लागत नाही. ‘गेटबाहेर रांग लागलीय’ एवढं एक वाक्य पुरतं. त्या रांगेत असतं कोण? नुकती पदवी हातात पडलेले, फी परवडेना म्हणून कॉलेज सोडलेले. म्हणजे तुम्हीच. ही रांगच कामगारांच्या बाजूने उभी राहिली, तर त्या धमकीत काही दम उरत नाही.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलीडो शहरात हे १९३४ साली घडलं. महामंदीचे दिवस. ऑटो-लाइट या मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात संप झाला. कंपनीने बदली माणसं आणली, न्यायालयाने गेटपुढे किती जणांनी उभं राहायचं याची मर्यादा घातली. संप मोडल्यात जमा होता. तो सावरला शहरातल्या बेकारांच्या संघटनेने. संपकऱ्यांच्या जागा ज्यांनी पटकावाव्यात अशी अपेक्षा होती, तीच माणसं मनाई हुकूम मोडून संपकऱ्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. पुढे हजारोंची गर्दी झाली, नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या गोळीबारात दोघांचा जीव गेला. जूनमध्ये तडजोड झाली तेव्हा युनियनला मान्यता आणि कामगारांना पगारवाढ मिळाली. बेकारीत माणसं एकमेकांच्या तोंडचा घास काढतात, असं कुणी म्हणालं की मी टोलीडोचं नाव घेते.

आणि ‘दुसऱ्यांसाठी’ म्हणजे काय गं? ग्रीसने २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं, पण २५ वर्षांखालच्यांचं कापलं ३२ टक्क्यांनी. यात तरुण तर मार खातोच, पण शेजारी काम करणारा पन्नाशीचा माणूसही महाग ठरतो. फ्रान्समधल्या कामगारांनी २००६ साली ही मेख ओळखली होती. २६ वर्षांखालच्यांना पहिली दोन वर्षं कारण न देता काढता येईल, असा नोकरीचा करार तिथल्या सरकारने आणला. विद्यार्थ्यांनी विद्यापीठं बंद पाडली, युनियन त्यांच्याबरोबर रस्त्यावर उतरल्या आणि १० एप्रिलला सरकारला माघार जाहीर करावी लागली. तरुणांची बेकारी कमी होईल, असंच तेव्हा सरकारही सांगत होतं. हा युक्तिवाद तुलाही ऐकवला जाईल.

आता बाबा. त्यांची भीती खरी आहे. मुलगी गेटवर दिसली, तर पुढच्या यादीत बापाचं नाव येऊ शकतं. शिवाय न बोलावता फलक घेऊन जाणारे विद्यार्थी कामगारांनाही आवडतातच असं नाही. मे १९६८ मध्ये पॅरिसचे विद्यार्थी मोर्चाने बियांकूरच्या रेनो कारखान्यापर्यंत गेले, तर आतल्या संपकऱ्यांच्या युनियनने गेट बंदच ठेवलं.

मग कामगारांना विद्यार्थ्यांकडून हवं तरी काय असतं? चॉन थे-इल हा दक्षिण कोरियातला तरुण सोलच्या प्योंगह्वा बाजारात कापड बेतायचा. कोवळ्या वयाच्या मुली तिथे अंधाऱ्या खोल्यांत शिवणयंत्रांवर राबत होत्या. कामगारांसाठी कायदा आहे हे कळल्यावर त्याने तो वाचायला घेतला, पण चिनी अक्षरांनी भरलेली ती भाषा त्याला उलगडेना. कॉलेजात शिकणारा एखादा मित्र असता तर किती बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. कायदा पाळा अशी घोषणा देत त्याने १३ नोव्हेंबर १९७० रोजी स्वतःला पेटवून घेतलं. वय अवघं २२. विद्यार्थी धावून आले ते त्यानंतर. पुढे तर कितीतरी विद्यार्थी शिक्षण लपवून कारखान्यांत कामाला लागले. थे-इलला मात्र तो मित्र भेटला नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

म्हणून आधी कागद वाचा. युनियनच्या कचेरीत मी वर्षानुवर्षं हेच काम केलं. एकदा मंदीत काढून टाकलेली बरीच माणसं आमच्याकडे आली. कंपनी म्हणत होती, आम्ही कुणाला काढलंच नाही, सगळ्यांनी आपणहून राजीनामे दिले. आमच्याकडे येणाऱ्या दोन विद्यार्थिनींनी त्या राजीनाम्यांच्या प्रती टेबलावर ओळीने मांडल्या. ‘घरगुती कारणास्तव’, तारीख एक, मजकूर एक, आणि तिसऱ्या ओळीत ‘विनंती’ची वेलांटी सगळीकडे चुकलेली. वेगवेगळ्या खात्यांतल्या माणसांनी एकाच दिवशी एकच चूक कशी केली, एवढंच त्या पोरींनी अर्जात विचारलं. कपात केली तर भरपाई द्यावी लागते, राजीनाम्याला ती लागत नाही, त्यासाठी सगळा खटाटोप होता. कंपनी बोलणी करायला बसली.

तुम्हीही पगाराच्या स्लिपा हजेरीशी ताडून बघा. ओव्हरटाइम कोणत्या दराने लावला, भविष्य निधीची कापलेली रक्कम खात्यात भरली का, ते पाहा. सुरुवात बाबांच्या कारखान्यापासून करू नका. कुणाचे फोटो काढू नका, नावांची यादी फोनमध्ये ठेवू नका. गेटसभेला जायचं ते युनियनने बोलावलं तर, आणि बोलायचं तिथल्या माणसांनी बोलून झाल्यावर.

प्रश्न : कंपनीच तोट्यात असेल, तर अशा वेळी पगार मागणं चुकीचं नाही का?

उत्तर : केलेल्या कामाचा पगार हे कामगारांचं येणं आहे, ती नवी मागणी नव्हे. अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनस आयर्समधल्या ब्रुकमन या कपड्यांच्या कारखान्यात १८ डिसेंबर २००१ रोजी थकलेल्या पगारासाठी कामगार आतच बसून राहिले, बहुतेक बायकाच. मालक परतले नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतः यंत्रं चालवून माल काढला. पोलिसांनी २००३ मध्ये त्यांना बाहेर काढल्यावर त्यांच्या बाजूने जमलेल्या गर्दीत विद्यार्थीही होते. त्याच वर्षाअखेरीला कारखाना त्यांच्या सहकारी संस्थेकडे आला.

तेव्हा तोटा आहे असं कुणी म्हटलं, की आधी ताळेबंद आणि वार्षिक अहवाल मागा. तेजीच्या वर्षांत लाभांश किती वाटला, वरच्या अधिकाऱ्यांचं मानधन मंदीत घटलं का, मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला कर्ज गेलंय का, हे त्यात शोधा.