शिक्षण मंत्रालयात जायचे, पण कोणत्या कामासाठी?

प्रिय विद्यार्थिनी,

तुम्ही अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. गावातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, आणि हे बदलण्यासाठी दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयात अधिकारी व्हायचे तर कोणती परीक्षा द्यावी, असे तुम्ही विचारले आहे. तुमची तळमळ मला मोलाची वाटते. म्हणूनच परीक्षेचे नाव सांगण्याआधी त्या मंत्रालयाच्या कामाची कक्षा स्पष्ट करतो.

१९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत आला. केंद्र त्यावर कायदा करू शकते, धोरण आखते आणि निधी देते. केंद्रीय विद्यालये व नवोदय विद्यालये तर त्याच्याच अखत्यारीत चालतात. शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा योजनेत महाराष्ट्राचा वार्षिक आराखडा राज्य तयार करते, केंद्रातील प्रकल्प मान्यता मंडळ तो तपासून मंजूर करते आणि खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्र उचलते. मात्र जिल्हा परिषद शाळेतील पदांची संचमान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकांची मंजूर पदे ठरवणे), पवित्र या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरील भरती आणि बदल्या ही सारी कामे राज्याच्या यंत्रणेची आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा सर्वसाधारण निकष घालून दिला असला, तरी तुमच्या गावातील रिक्त जागेवर शिक्षक नेमण्याचा आदेश दिल्लीतून निघत नाही.

मंत्रालयातील वरिष्ठ पदांवर मुख्यतः भारतीय प्रशासकीय सेवा आणि अन्य केंद्रीय सेवांतील अधिकारी असतात, आणि काही वर्षांत त्यांची नेमणूक दुसऱ्या खात्यात होऊ शकते. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेतून केंद्रीय सचिवालयात सहायक कक्ष अधिकारी होता येते, परंतु शिक्षण मंत्रालयच मिळेल याची हमी नसते.

तुमचे पत्र वाचून मला महाराष्ट्र शिक्षण सेवा अधिक योग्य वाटते. उपशिक्षणाधिकारी पदाची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. जाहिरातीतील पात्रतेच्या अटी मात्र बारकाईने वाचा. धोरण आणि निधिवाटप यांतच रस असेल, तर अर्थशास्त्र सोडू नका, त्यातच पदव्युत्तर शिक्षण घ्या. तूर्त आपल्या शाळेची यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवरील माहिती आणि यंदाची संचमान्यता मिळवून पटसंख्या, मंजूर पदे व प्रत्यक्ष कार्यरत शिक्षक यांचा तक्ता तयार करा आणि तो मला पाठवा. पुढची चर्चा आपण त्यावरूनच करू.