शनिवार अजून मोकळा आहे

प्रिय ईरा,

तुझ्या वसतिगृहात नाताळचे झाड उभे केले आहे, त्याच्या फांद्यांना चिठ्ठ्या बांधल्या आहेत आणि ज्या घरात कोणाला कॅन्सर झाला आहे अशा एकेका घरातल्या मुलाचे वय व त्याला हवी असलेली वस्तू त्या चिठ्ठ्यांवर लिहिली आहे, असे तू कळवलेस. नऊ वर्षांच्या मुलाची चिठ्ठी तू घेतलीस, हे वाचून समाधान वाटले. पुढे तू विचारले आहेस की आपल्याकडे दिवाळीत असे काही का होत नाही, आणि आपण दिलेल्या देणगीचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवू, असे तू म्हणालीस तेव्हा आजी का रागावली. याचे उत्तर फोनवर धड देता आले नसते, म्हणून लिहीत आहे.

तू न पाहिलेले तुझे आजोबा १९९३ साली परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेत होते. हे रुग्णालय १९४१ पासून चालू आहे आणि तेथे देशभरातून माणसे येतात, त्यामुळे उपचारांइतकाच मोठा प्रश्न असतो तो राहायचे कोठे हा. केमोचे डोस बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने असतात आणि ते पंचांग पाहून ठरत नाहीत. दोन डोसांच्या मध्ये साताऱ्याला येऊन परत जाण्याचे त्राण आजोबांच्या अंगात नव्हते, म्हणून ती दिवाळी त्यांनी आणि आजीने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढली. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. दादरच्या या धर्मशाळेत मात्र मुख्यतः टाटामधले रुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. मला विचारशील तर आपल्याकडच्या दानाचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, कारण तेथे माणसाला नेमके जे लागते ते मिळते: पाठ टेकायला जागा आणि रुग्णालयाचा शेजार.

मी आणि तुझी आत्या साताऱ्याला पणजीजवळ राहिलो. घरात फराळ झाला नाही. आपल्यात अशी रीत आहे की ज्या घरी वर्षभरात कोणी वारले असेल त्या घरी दिवाळीचा फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी डबे आणून देतात. आमच्याकडे कोणी वारले नव्हते. पण शेजाऱ्यांना देण्याची दुसरी रीत माहीत नव्हती, त्यामुळे सहा-सात घरांतून चकल्या, चिवडा आणि लाडू आले. आम्हा मुलांना आनंदच झाला. पणजी मात्र ते डबे ओट्यावर मांडलेले पाहून आतल्या खोलीत जाऊन बसली, कारण असे डबे कोणत्या घरी येतात हे तिला पक्के ठाऊक होते. त्या शेजाऱ्यांना मी आजही दोष देत नाही. सणाला काहीतरी दिलेच पाहिजे असे वाटते आणि काय द्यावे हे कळत नाही, तेव्हा माणूस हाताशी असलेलेच देतो.

भाऊबीज झाल्यावर समोरच्या काकू आल्या, त्या रिकाम्या हाताने. दर मंगळवारी शाळेतून थेट आमच्याकडे या, जेवा आणि अभ्यासही तेथेच करा, एवढे सांगून त्या गेल्या. चार दिवसांत बुधवार, गुरुवार आणि शनिवारही ठरले. पूर्वी पुण्यात शिकायला आलेले गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत, म्हणजे सात घरांनी आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेतलेला असे; त्या जुन्या रिवाजाचे हे दुसरे रूप होते. पणजीला पोळ्या लाटणे झेपत नव्हते, हे ओळखून मंगळवारी निघताना काकू तिच्यासाठी डबा देत. तो परत नेताना पणजी त्यात चमचाभर साखर घालत असे, कारण कोणाचे भांडे रिकामे परत करू नये. काकू ती साखर मुकाट्याने डब्यात ओतून घेत. असे फेब्रुवारीपर्यंत चालले.

तेव्हा आपल्याकडे काही होत नाही हे खरे नाही. त्याचा गाजावाजा होत नाही, इतकेच. तरीही तुमच्या झाडाची एक गोष्ट मला आपल्यापेक्षा सरस वाटते, ती म्हणजे तेथे मुलाला काय हवे आहे ते आधी विचारले जाते. आम्हाला कोणी विचारले असते, तर मी सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला कोणीतरी हवे आहे, असे लिहिले असते.

आता फोटोविषयी. आमच्या गल्लीत कॅन्सर हा शब्दही कोणी उच्चारत नसे, ‘मोठे दुखणे’ म्हणत. तो संसर्गाने होतो अशी काहींची समजूत होती, आणि घरात मुलगी असली की तिच्या लग्नाची काळजी वेगळीच. मदतीची वाच्यता झाली की दुखण्याचीही होते. ते दिवस आजीने काढले आहेत. तुझ्या फोटोत तिला आपले औदार्य दिसले नाही, कोणाचे तरी उघडे पडलेले घर दिसले.

तुला पैसे पाठवायचे आहेत ते जरूर पाठव, पण एक व्यवहार समजून घे. तुझा पासपोर्ट ब्रिटिश असल्यामुळे तुझी देणगी भारतीय कायद्याने परकीय निधी ठरते आणि तशी नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. मुंबईच्या संस्थेने स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेचा खाते क्रमांक दिला तर दचकू नकोस, २०२० च्या दुरुस्तीनंतर तोच नियम आहे. मुंबईतल्या तुझ्या आतेभावालाही मी एक काम सांगितले आहे. केमो घेणाऱ्यांना पुष्कळदा प्लेटलेट लागतात, त्या ५ दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, आणि सुट्ट्यांत महाविद्यालये बंद असल्यामुळे रक्तदान शिबिरे कमी होतात. तेव्हा पुढच्या दिवाळीत त्याने सुट्टीच्या मधल्याच एखाद्या दिवशी रक्तपेढीत जावे.

आजीच्या खालच्या मजल्यावरची एक बाई सध्या मुंबईत उपचार घेत आहे आणि तिचा दहावीतला मुलगा वडिलांबरोबर घरी आहे. मजल्यावरच्या बायकांनी जेवणाचे वार वाटून घेतले आहेत, गणिताला निवृत्त शिक्षक मिळाले आहेत, इंग्रजीला कोणी नाही. मुलाला विचारूनच आजीने मला हे सांगितले. शनिवार अजून मोकळा आहे. त्याला संध्याकाळी पाच वाजता जमेल, म्हणजे तुझ्याकडे सकाळचे साडेअकरा.

तुझा,
बाबा